संत्र्यांच्या टोपलीनंतरचा खेळ

धुळाजी वस्ताद जालन्याच्या कॉलेजात चौदा वर्षं रग्बी शिकवत होते. पगार त्यांनी मागितला नव्हता आणि कॉलेजलाही तो सुचला नव्हता. दिवसभर मागावर घोंगड्या विणायच्या आणि चार वाजले की मैदान गाठायचं. यात खंड पडला तो एकदाच, थोरल्या लेकीच्या लग्नात. तेव्हाही अक्षता पडल्यावर हे अर्धा तास कुठे गेल्ते, असं त्यांची बायको गोपिकाबाई अजून विचारत असे.

हा खेळ त्यांनी गोऱ्यांच्या छावणीत पाहिला होता. छावणी उठण्याआधी सहा वर्षं ते तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होते. शनिवारी सामना असे आणि सोललेल्या संत्र्यांची टोपली मैदानावर पोचवणं हे धुळाजींचं काम. टोपली पोचली की गोरे सोजीर संत्री खात, मग शिट्टी वाजे आणि खेळ सुरू होई. धुळाजी कडेला उकिडवे बसून शेवटपर्यंत पाहत. सोजिरांची अंगं आधीच मातीने माखलेली असत, पण त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. कुस्तीआधी आपले पैलवानही अंगाला माती लावतातच.

त्यावरूनच वस्तादांची शिस्त ठरलेली होती. आधी मैदानात लोळून माती लावायची, मग संत्री खायची, मग चाळीस मिनिटं जीव काढून पळायचं. खेळ संपल्यावरही जो आपल्या पायांवर उभा राहील, त्याने अंग चोरलं असं ते धरत. शंभर मैलांत दुसरा संघ नव्हता. पोरं आपसांतच दोन बाजू करून खेळत, त्यामुळे या शिस्तीत कोणी कधी खोट काढली नाही.

फसली १३४५, म्हणजे इंग्रजी १९३५-३६ साली नवे प्रिन्सिपॉल आले. ते टेनिसचे शौकीन होते आणि सपाट मैदान त्यांना दुसरं दिसेना. त्यांनी वस्तादांना बोलावून सांगितलं की सिकंदराबादच्या कॉलेजचा संघ सामन्याला येतोय. त्यांच्यासमोर अब्रू राहिली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मैदानावर टेनिसच्या रेषा पडतील.

रात्रीच्या पावसाने मैदान ओलं होतं, तरी सामन्याच्या दिवशी अर्धं गाव जमलं. शिट्टीआधी वस्तादांची पोरं मातीत लोळली आणि रांगेत उभं राहून संत्री खाऊ लागली, तेव्हा पाहुण्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. त्यांचा कप्तान बद्रीनाथ याने आपल्या पोरांना हळूच बजावलं की हा इथला काहीतरी धर्माचा रिवाज असेल, कोणी हसायचं नाही.

मग खेळ सुरू झाला आणि हसायचं कोणाला सुचलं नाही. वस्तादांची पोरं विंचू चावल्यासारखी पळत होती. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की तीन गुण. राजूरच्या भुजंगने, म्हणजे आपल्या कप्तानाने, दोनदा टेकवला. चाळीस मिनिटं झाली, शिट्टी वाजली, सहा-शून्य. भुजंगने वस्तादांना खांद्यावर घेतलं, कोणीतरी हलगी धरली आणि मिरवणूक गावाकडे निघाली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी फाटकापाशी स्वतःच्या हाताने वस्तादांना हार घातला.

तेवढ्यात बद्रीनाथ धापा टाकत मागून आला.

"उस्ताद, कहाँ चले? अभी तो आधा खेल बाकी है."

हलगी थांबली. वस्ताद खांद्यावरूनच म्हणाले, "काय बाकी?"

बद्रीनाथने समजावलं. चाळीस मिनिटं खेळ, मग जरा दम, तेव्हा संत्री, मग बाजू बदलून पुन्हा चाळीस मिनिटं. प्रिन्सिपॉलसाहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. या खेळाचं त्यांना काडीचं कळत नव्हतं. वस्ताद सांगतील तेच ते खरं धरणार, हे दिसत होतं.

भुजंग खालून पुटपुटला, "वस्ताद, संपला म्हणून सांगा. आमच्याकडं असाच खेळतेत म्हणावं. मैदान वाचून राह्यलंय आपलं."

वस्तादांना सोजिरांची ती माखलेली अंगं आठवत होती. सहा वर्षांचे शनिवार, आणि दर शनिवारी आपण स्वयंपाकघरात संत्री सोलत असताना तिकडे अर्धा खेळ होऊन जात होता.

"उतरव मला," ते म्हणाले.

"वस्ताद, पोरांच्या पायात जीव न्हाई."

"ते माझ्यामुळं. उतरव."

दुसरा अर्धा पाहवत नव्हता. पोरं पळत नव्हती, लोळत होती. पाहुण्यांनी एकदा टेकवला, मग दुसऱ्यांदा. सहा-सहा झाल्यावर भुजंग चालेनासा झाला आणि रांगत जाऊन लोकांच्या तंगड्या धरू लागला. बाकीच्यांनीही तेच आरंभलं. पाहुण्यांना हरेक पावलाला पायात एक माणूस बांधून चालावं लागत होतं. प्रिन्सिपॉलसाहेब रेषेवरून ओरडत धावत होते. ते चिखलात घसरून पडले, उठले आणि पुन्हा ओरडू लागले. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांनी तिसऱ्यांदा टेकवला. नऊ-सहा. वस्तादांची पोरं हरली.

कोणी हलगी वाजवली नाही. साहेब आले तेव्हा त्यांची शेरवानी कमरेपर्यंत चिखलाने भरली होती आणि आवाज बसला होता. टेनिसचं त्यांनी नावच काढलं नाही. सोमवारी तालीम किती वाजता, एवढंच विचारलं.

वस्तादांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते बद्रीनाथचा हात धरून उभे होते.

"आता खरं सांग बाबा. याच्यापुढं अजून काही राह्यलंय का? जे असंल ते आजच सांगून टाक."

बद्रीनाथने थोडा विचार केला, मैदानातच मांडी घातली आणि रेघा ओढायला एक काडी मागितली.