प्लास्टरमधल्या मुंग्या

"पोरगी आहे की फौजदार? रोज उठून पदक!" फ्रिजकडे बघत सासूबाई म्हणाल्या.

फ्रिजवर मी एक कागद चिकटवला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘कुरकुर नाही, तर चांदणी’ आणि खाली सोनेरी चांदण्यांची रांग. खारू झोपाळ्यावरून पडली, उजव्या हाताला प्लास्टर चढलं, तेव्हापासून ही रांग वाढत होती. खारू म्हणजे माझी मुलगी, नुकतीच पाच पूर्ण झालेली. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आजीनेच तिचं हे नाव पाडलं होतं.

"याला प्रोत्साहन म्हणतात, आई."

"आम्ही धपाटा म्हणायचो. लवकर लागू पडायचा."

मी हसले, पण मनातून मला माझं बरोबर वाटत होतं. माझी नोकरीच ती. इस्पितळात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम मी बघते. माणूस कशासाठी झटतो, पोटासाठी, मानासाठी की आतल्या ओढीसाठी, हे फळ्यावर काढून दाखवायला मला झोपेतून उठवलं तरी चालेल. ‘शून्य तक्रार’ ही माझीच योजना. ज्या विभागातून महिनाभर तक्रार येत नाही, त्याला फिरता चषक. तक्रारी भराभर आटल्या आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. खारूच्या शाळेतल्या बाईंनीही माझं ऐकून वर्गात ‘न रडणारा तारा’ सुरू केला होता. मग घर तरी मागे का ठेवायचं?

त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. खारू आजीच्या मांडीला रेलून बसली होती.

"आजी, माझ्या प्लास्टरमध्ये मुंग्या शिरल्यात."

"अगंबाई! गोड हात दिसतोय." आजीने प्लास्टरवर टकटक केली. "चला गं बायांनो, बाहेर या. घर दुसऱ्याचं आहे."

खारू हसली नाही. "खूप आहेत गं. चावतात."

मी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "खारू, ही कुरकुर आहे का?"

तिने पटकन मान वर केली. "नाही गं आई! गंमत सांगतेय."

"शाब्बास," म्हणून मी चांदणी चिकटवली आणि कामावर गेले.

मी काळजी न करणारी आई नाही. उलट करते म्हणून टोमणे खाते. तिचा ताप हाताने बघून माझं भागत नाही, गालाने बघते, मग थर्मामीटर. ती झोपली की छाती वरखाली होतेय ना, ते बघून येते. आणि हातात मुंग्या येणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माझ्या पायाला रोज येतात. मी ऐकलं ते फक्त इतकंच, की ती कुरकुर करत नाहीये.

संध्याकाळी घरी आले तर खारू सोफ्याच्या कोपऱ्यात बसून होती. नुसती बसून. स्वेटरची बाही तिने बोटांच्या खाली ओढून घेतली होती. मी ती वर केली. बोटं टम्म फुगलेली, जांभळट, हाताला गार.

"हलव बघू बोटं."

ती बोटांकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. "हलत नाहीत. पण मी काही बोलले नाही हं, आई."

सासूबाई नुसत्या "देवा" म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

आमच्याच इस्पितळात नेलं. प्लास्टरच्या खोलीत सिस्टर ओळखीच्या होत्या, डॉक्टर नवे. त्यांनी बोटं दाबून बघितली. त्यांचा चेहरा बदललेला मी टिपला.

"दुखतंय का, बाळा?"

खारूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"वा! किती शूर," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तिची नजर आधी माझ्यावर, मग उत्तर. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता?"

मी दाराबाहेर थांबले. दार नीट लागलं नव्हतं.

"आई गेली?" खारूचा आवाज.

"गेली."

"खूप दुखतंय." मग अगदी हळू, "काल पण दुखत होतं."

मी भिंतीला टेकले. डोक्याशेजारी माझाच फलक होता, ‘शून्य तक्रार’, खाली चषकाचं चित्र. आतून प्लास्टर कापायच्या यंत्राची घरघर आली आणि त्यावर चढून खारूचं रडणं.

घरघर थांबल्यावर सिस्टर बाहेर आल्या. "रंग परत येतोय. बोटं हलवली तिने. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, म्हणतायत डॉक्टर." मग आवाज खाली आणून, "मॅडम, प्लास्टर जरा घट्टच बसलं होतं. तुम्ही घरच्याच, म्हणून विचारते. तक्रार नाही ना करणार? महिना संपत आलाय, चषक या खेपेला आमच्याकडे आहे. परवा एक आजोबा पण घट्ट आहे, घट्ट आहे करत होते. गोड बोलून घरी पाठवलं."

"त्यांना फोन करा," मी म्हटलं. "आत्ता. आणि माझी तक्रार लिहून घ्या."

"अहो, पण फलक तर तुमचाच..."

"म्हणूनच."

त्या फोनकडे गेल्या. मी दार ढकलून आत गेले. खारू टेबलावर बसली होती, तोंड वासून, नाक गळत, ओरडून ओरडून रडत. डॉक्टर तिची बोटं एकेक करून हलवून बघत होते. तिने मला बघितलं. रडणं मधेच तुटलं. ओठ घट्ट मिटले, आवंढा गिळताना गळा हलला. डोळ्यांतून पाणी येतच होतं, पण आवाज नव्हता.

"खारू, रड गं. मोठ्याने रड," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "नाही. मी गंमत करत होते."

मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. बाहेर आले आणि या वेळी दार नीट ओढून घेतलं. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग दाराच्या लाकडातून, बारीक, ती पुन्हा रडायला लागली.