तपकिरी भिंतीची डावी कड

नोटीस आली तेव्हा मी झोरायदाच्या स्वयंपाकघरात तिच्या टीव्हीचं पोट उघडून बसलो होतो. तो टीव्ही तिने नवऱ्याबरोबर सत्त्याऐंशी साली घेतला. तेव्हापासून आज दोन हजार सहापर्यंत तो माझ्याच औषधपाण्यावर जगतोय. पस्तीस वर्षं मी मायामीत टीव्ही दुरुस्त केले. आता निवृत्त आहे, म्हणजे तेच काम फुकट करतो.

"एव्हेलिओ, हे वाच जरा," ती म्हणाली. "इंग्रजी आहे, आणि उद्धट इंग्रजी आहे."

वाचलं. आमच्या पेलिकन बीचच्या नगरपालिकेने एक वारसा मंडळ नेमलं होतं. या मंडळाने आमची चार बिऱ्हाडांची दोनमजली इमारत ऐतिहासिक ठरवली होती. इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं की इमारतीचा सध्याचा तपकिरी रंग खोटा आहे, मूळ रंग गुलाबी. साठ दिवसांत गुलाबी करा, नाहीतर आम्ही माणसं पाठवून करू. खाली पुरावा दिला होता: 'कॅलिप्सो स्क्वॉड', दुसरा सीझन, नववा भाग.

मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

'कॅलिप्सो स्क्वॉड' म्हणजे पंच्याऐंशी सालची पोलिसांची मालिका. तिच्यातले दोन डिटेक्टिव्ह सुटाबुटात खाडीत उडी मारायचे आणि पलीकडच्या काठावर इस्त्रीसकट कोरडे निघायचे. गोळी लागलेला माणूससुद्धा आधी केस नीट करून मग पडायचा. दिग्दर्शकाचा हुकूम होता की पडद्यावर तपकिरी रंग दिसता कामा नये. त्यांनी बागेतल्या मातीवर निळी खडी पसरली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मालिका संपली, लोक विसरले. मग डीव्हीडीचा संच आला आणि मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तो पाहिला. सगळं घोडं तिथेच अडलं.

खरी गोष्ट अशी. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती मंडळी दोन दिवसांसाठी आली आणि आमची फक्त पुढची भिंत गुलाबी करून गेली. भिंत परत होती तशी करून देऊ, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. झोरायदाचा नवरा ओनेलिओ असल्या कागदांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याने आपणच ती पुन्हा तपकिरी केली. त्यानंतर दर दोन वर्षांनी, तोच डबा, तोच रंग. तपकिरीच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "मळ दिसत नाही." एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

शेवटचा हात त्याने तीन वर्षांपूर्वी दिला आणि दोन आठवड्यांनी गेला. ब्रश जुना होता, केस गळत होते. आमच्या भिंतीवर त्या रंगात चौदा केस चिकटलेत. ते ब्रशाचे आहेत, ओनेलिओचे नव्हेत, हे झोरायदालाही कळतं. पण सकाळी कॉफी घेऊन ती बाहेर बसते तेव्हा त्यातल्या एखाद्यावर बोट फिरवताना मी तिला वरच्या गॅलरीतून कितीदा पाहिलंय.

"गुलाबी करतील?" तिने विचारलं.

"माझ्या अंगावरून जावं लागेल त्यांना."

"तुझ्या अंगावरून कुणीही जाईल, एव्हेलिओ. तुला उठायलाच पाच मिनिटं लागतात."

*

सुनावणी मंगळवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात होती. मंडळात तिघं. अध्यक्षा थॉर्नडाइकबाई, ओहायोहून निवृत्त होऊन आलेल्या, मोत्यांची माळ आणि पायात पोहायच्या चपला. दुसरे केसलर वकील. तिसरे एक दंतवैद्य, जे शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, फक्त मान हलवत राहिले. तिघंही उंटावरचे शहाणे.

झोरायदा काळा पोशाख करून गेली होती. पर्समध्ये त्या कागदाची घडी.

"बाई, हा बघा कागद," ती म्हणाली. "त्यांनीच लिहून दिलंय, भिंत परत तपकिरी करून देऊ म्हणून. म्हणजे आधी तपकिरी होती की नाही?"

थॉर्नडाइकबाईंनी कागद न उघडता बाजूला ठेवला. "हा कागद कुणीही लिहू शकतं. मालिका कोट्यवधी लोकांनी पाहिली आहे."

"मालिकेत माणूस खाडीतून कोरडा निघतो!" मी ओरडलो.

"आपण कोण?"

"वरच्या मजल्यावरचा भाडेकरू."

"मग वरच्या मजल्यापुरतं बोला."

मालिकेवाल्यांनी भिंत रंगवली आणि शिक्षा विधवेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बाईंनी डीव्हीडी लावायला सांगितली. सभागृहात लाकडी पेटीतला एक जुना थोराड टीव्ही होता. मी म्हटलं, भिंतीचा तुकडा तेवढा लावा आणि उरका. पण केसलर वकील म्हणाले, पुरावा संदर्भासह पाहिला पाहिजे. म्हणून अख्खा भाग पाहिला.

आणि काय सांगू, भाग चांगला होता. एका न्यायाधीशाचा खून झालेला, त्याची देखणी बायको पांढऱ्या टेलिफोनवरून कुणाशी तरी हळू आवाजात बोलतेय. मग आमची इमारत. भिंत पेस्ट्रीवरच्या मुलाम्यासारखी गुलाबी. डिटेक्टिव्ह तिला टेकून उभा. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नुसतं गुलाबी. थॉर्नडाइकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेवटी न्यायाधीशाची बायको बोटीतून पळते, बोटीत स्फोट होतो, आणि पडद्यावर अक्षरं आली: पुढील भागात समाप्त.

दंतवैद्यांची मान पहिल्यांदाच हलायची थांबली होती.

"संदर्भ अपुरा आहे," केसलर वकील म्हणाले. "निकाल पुढच्या मंगळवारी. दहावा भाग पाहून."

बाहेर आल्यावर झोरायदाने माझी बाही धरली. माझ्या मनात आलं, आता रडते की काय.

"बायकोनेच मारलं ना त्याला?" ती म्हणाली. "त्या टेलिफोनवालीने?"

"झोरायदा, आपली भिंत जायची वेळ आलीय!"

"माहीत आहे रे. पण तिनेच ना?"

*

त्या रात्री माझा डोळा लागेना. भिंत डोळ्यांसमोरून हलेना, आणि पहाटे एकदम लक्षात आलं. अरे, मी पस्तीस वर्षं गवत उपटलं काय?

जुने टीव्ही चित्राच्या चारी कडा खातात. काचेच्या चौकटीमागे बोटभर चित्र लपलेलंच असतं. कुणाच्याही घरात ते कधी दिसलं नाही. चित्रीकरण करणाऱ्यांना हे ठाऊक असायचं, म्हणून कडेला काय दिसतंय याची ते फिकीर करायचे नाहीत. भिंत त्यांनी टीव्हीत दिसेल तेवढीच रंगवली असणार. ओनेलिओ दोन दिवस बोंबलत होता की हरामखोरांनी कोपरा अर्धवट सोडलाय. म्हणजे डीव्हीडीवर, त्या न दिसणाऱ्या कडेला, आमचा खरा तपकिरी रंग असला पाहिजे. फक्त तो दाखवायला नवा चपटा टीव्ही हवा. त्याला सांगितलं तर चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसतं.

या चपट्या टीव्हींनी माझा धंदा बुडवला. त्यांच्याबद्दल मी जे बोललोय ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही. पण गरज पडली की माणूस कुणाच्याही दारात जातो.

सोमवारी सभागृहात गेलो. म्हटलं, उद्या सुनावणी आहे, टीव्ही तपासून देतो, फुकट. त्यांना कोण आनंद. मी मागचं झाकण काढलं, एक वायर सोडवली, झाकण लावलं आणि टोपी काढून सांगितलं, "गेला." धडधाकट टीव्हीला मी मेलेला म्हटलं ते आयुष्यात एकदाच. अजून वाईट वाटतं. त्यांनी मंगळवारपर्यंत चपटा आणला. तो मीच जोडला, आणि त्याच्या मेनूत जाऊन कडा कापणं बंद केलं.

*

मंगळवारी बसायला जागा नव्हती. निम्मं पेलिकन बीच लोटलं होतं. एकीने पेरूच्या पेस्ट्रीचं तबक आणलं होतं, ते मंडळासमोरून फिरलं, आणि दंतवैद्यांनी दोन घेतल्या. मागे दोन म्हातारे भांडत होते, खुनी न्यायाधीशाचा भाऊ की ड्रायव्हर. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

दिवे मालवले. स्फोटातून बायको वाचलेली. अर्थातच, केससुद्धा विस्कटले नव्हते. पाठलाग सुरू झाला, गाड्या, पूल, पुन्हा गाड्या. आणि पळता पळता ती येऊन थांबली कुठे, तर आमच्या दारात. पाठ गुलाबी भिंतीला, हातात छोटं पिस्तूल. डिटेक्टिव्ह तिच्यावर नेम धरून उभा.

आणि डाव्या अगदी कडेला, शिडीवर, ओनेलिओ.

शेहेचाळीस वर्षांचा. अंगात तोच तपकिरी शर्ट, ज्याच्यामुळे त्याला त्यांनी चौकटीबाहेर हाकललं होतं. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. चित्रीकरण संपायची वाट पाहील तर तो ओनेलिओ कसला. पुढे दोन माणसं एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभी, आणि मागे हा निवांतपणे गुलाबीवर तपकिरी चढवतोय. कोपऱ्यापासून हातभर रंगवून झालेलं. मध्येच तो चौकटीबाहेरच्या कुणाला तरी ब्रश हलवून काहीतरी बोलला. आवाज नव्हता, पण ओठांवरून आम्हा सगळ्या क्यूबन लोकांना ती स्पॅनिश शिवी कळली. दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला.

मी नुसत्या भिंतीची वाट पाहत होतो. देवाशप्पथ, मला माणसाची कल्पना नव्हती.

झोरायदा उभी राहिली. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं.

"ओनेलिओ," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "टोपी घालून चढ म्हटलं होतं ना."

तीन सेकंद. मग चित्र बदललं.

"मागे घ्या," ती म्हणाली.

मागे घेतलं. पुन्हा तीन सेकंद. पुन्हा मागे. सातव्यांदा मागच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "खुनी कोण ते तरी..." आणि पेस्ट्रीवालीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मरेपर्यंत पुन्हा विचारायचा नाही.

शेवटी भाग पुढे जाऊ दिला; दुसरा डिटेक्टिव्हही पोचला, अटक झाली. मग थॉर्नडाइकबाईंनी घसा खाकरला. "हा गृहस्थ मूळ दृश्याचा भाग आहे का, हा प्रश्न आहे."

"माझा नवरा आहे तो," झोरायदा म्हणाली.

"तसं नव्हे. म्हणजे, ऐतिहासिकदृष्ट्या."

केसलर वकील पडद्याजवळ जाऊन बोटांनी मोजत होते. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "पहिल्या दृश्यात पट्टा हातभर आहे. एक मिनिटाने, अटकेच्या वेळी, दीड हात. म्हणजे या इमारतीची ऐतिहासिक अवस्था गुलाबी नाही. ऐतिहासिक अवस्था अशी, की गुलाबी भिंतीला एक इसम तपकिरी रंग देत आहे."

"मग इमारत तशीच ठेवावी लागेल," थॉर्नडाइकबाई म्हणाल्या. "गुलाबी भिंत. हातभर तपकिरी. आणि शिडी."

"आणि इसम," केसलर म्हणाले. "इसमाशिवाय अवस्था अपुरी."

सगळे माझ्याकडे का बघू लागले कळेना. दंतवैद्य मान हलवत होते. पाच मिनिटं मंडळाची गंभीर चर्चा झाली, की शिडीवर माणूस रोज उभा करायचा की फक्त सुट्टीच्या दिवशी.

झोरायदा पुढे गेली. टेबलावर दोन्ही हात ठेवले. तिचं इंग्रजी रागात मोठं होतं, पण त्या दिवशी ती रागावली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही त्याला ओळखत नाही. तो जेवण अर्धं टाकायचा, भांडण अर्धं टाकायचा, पण काम अर्धं टाकायचा नाही. तुम्ही त्याला रंगवताना पाहिलंत. संध्याकाळी रंगवून झाल्यावर पाहायला तुम्ही थांबला नाहीत. मी थांबले होते. या, आजही बघा. झालंय ते."

थॉर्नडाइकबाईंनी मोत्यांची माळ एकदा फिरवली. मग बाजूला ठेवलेला कागद उचलून पहिल्यांदाच उघडला आणि वाचला.

निकालाची प्रत आमच्या दारात चौकटीत लावली आहे: मूळ रंग तपकिरी, दोन पोलीस अधिकाऱ्यांसमक्ष दिलेला. ते अधिकारी खोटे होते, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. खून बायकोनेच केला होता.

*

त्या भागाची डीव्हीडी बाईंनी झोरायदाला भेट दिली. माझ्या जुन्या प्लेअरवर आम्ही ती तिच्या टीव्हीला जोडून लावली. गुलाबी भिंत, पिस्तूल, डिटेक्टिव्ह. डावी कड रिकामी.

"कुठेय?" तिने विचारलं.

मी कपाळावर हात मारला. हा टीव्हीही जुनाच, हाही कडा खाणार. "नवा चपटा घेऊ," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून निघाले यावर माझा मलाच विश्वास बसेना.

ती टीव्हीवरची धूळ पुसत राहिली. "हा आम्ही दोघांनी उचलून आणला होता, एव्हेलिओ. जिन्यात त्याने माझ्या पायावर टेकवला होता."

मग मी मागचं झाकण काढलं. आत एक छोटा स्क्रू असतो, त्याने सगळं चित्र आडवं सरकतं. मी तो फिरवत गेलो, ती समोर उभी राहून सांगत होती. "अजून. अजून जरा. शर्ट दिसला. थांब, ब्रश राहिलाय. अजून. बस."

ओनेलिओ आला. तो डावीकडून बोटभर आत आला, तर उजवीकडचं तेवढंच बाहेर गेलं. आता तिच्या टीव्हीत बातम्या देणाऱ्याचा उजवीकडचा कान नसतो. हवामानाच्या नकाशात तर फ्लोरिडाची पूर्वेची कडच दिसत नाही. मायामी नाही, पेलिकन बीच नाही, पुढचा समुद्रही नाही.

"अगं, वादळाचे दिवस येतायत," मी परवा म्हटलं. "वादळ येतं ते समुद्राकडूनच. तुला कळणार कसं? जरासा परत फिरवू?"

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "वादळ आलं तर तू वरून ओरड."

तेव्हापासून संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी मी गॅलरीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसतो.