जिभेवरच्या अंकुराची चूक

मित्रांनो, मी एक जुना अंकुर आहे. रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या जिभेच्या शेंड्यावरचा. आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहा. बोंडासारखे तांबूस, इवले उंचवटे दिसतील. ते आमचे भाऊबंद. चव ओळखणाऱ्या कळ्या आमच्याच अंगात असतात.

तीस वर्षं मावशींनी मीठ कधी मोजलं नाही. पातेल्यातला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि मी म्हणेन ते प्रमाण. "मावशींची जीभ म्हणजे तराजू!" असं सगळे म्हणत. मी फुलून जात असे.

मग मावशींना ताप आला. ताप उतरला, पण मी बधिर झालो. खारट की अळणी, काही कळेना. मावशींना ते उमगलं. पण आयुष्यभर कमावलेलं नाव जाईल या भीतीने त्या गप्प राहिल्या आणि अंदाजाने मीठ घालू लागल्या.

एके दुपारी सिस्टर धावत खाली आल्या. "मावशी, सात नंबरच्या आजोबांचे पाय सुजलेत, धाप लागतेय. त्यांचं हृदय दुबळं आहे. सूपमध्ये मीठ जास्त पडलं का हो?"

"छे! चाखूनच पाठवते मी."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या टाळ्याला टेकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भांडी आवरली, तरी मावशींचा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी जिना चढून त्या आजोबांच्या खाटेशी उभ्या राहिल्या.

"आजोबा, चूक माझी. माझी चव गेलीये. मीठ मीच जास्त घातलं."

आजोबा दम खात म्हणाले, "मला पहिल्याच घासाला कळलं होतं, बाई. दोन महिन्यांनी तोंडाला चव आली. बोललो असतो, तर पुन्हा अळणी आलं असतं. म्हणजे मीही चोरच की!"

दोघांनाही वर बघवेना. मग मावशींनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. औषध बदललं, आठवड्याने आजोबांची सूज उतरली. मावशींचं काम टिकलं, पण आता मीठ चमच्याने मोजलं जातं आणि चव सिस्टर घेतात. मला हल्ली थोडं थोडं कळू लागलंय. तरी कुणी विचारत नाही, आणि तक्रार करायला मला तोंड नाही.

मित्रांनो, फार कढत पिऊन आम्हाला पोळू नका. जीभ रोज हळुवार साफ करा. आणि कधी चव गेलीच, तर घरात लगेच सांगा. आम्हा अंकुरांना वाचा नसते. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.