निरोगी कड

काचपट्टी फिकी निघाली.

डॉ. इन्शिराहने ती सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा सरकवली. हमदान कोळ्याच्या ओठाआतल्या गाठीचा तुकडा. पेशींच्या कडांवर तपकिरी रंग कुठेच नव्हता. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन असलं की हा रंग चढतो. ते गेलं की कर्करोगाच्या पेशी सुटतात आणि मानेतल्या लसिका ग्रंथींकडे निघतात.

सर्जन मुतसिम दारातच उभा होता. "मग? सोनोग्राफीत मान स्वच्छ दिसतेय, म्हणून अडलोय. तुझी पट्टी फिकी असेल तर उद्या सकाळी मानही उघडतो."

"आणि खांदा?"

"खांदा उचलणारी शीर मानेतूनच जाते. ती वाचवायला बघीन. शब्द देत नाही."

सुदानमधल्या वद मदनीच्या त्या इस्पितळात, बाहेरच्या बाकावर हमदान बसला होता. शेजारी थोरली बहीण बतूल. कोस्तीला नाईलवर गोल जाळं फेकणारा माणूस. एक खांदा जरी पडला तरी जाळं पाण्यावर उमलत नाही, गोळा होऊन बुडतं. सकाळी त्यानं एवढंच विचारलं होतं, "डॉक्टरीणबाई, डावा हात वर जाईल ना?" बतूल फटकन म्हणाली होती, "जन्मभर ओठात तोंबाक तंबाखूची गोळी कोंबलीस, तेव्हा हाताला विचारलं होतंस?"

इन्शिराहने सहीसाठी पेन उचललं आणि सवयीने पट्टी पार टोकापर्यंत नेली. तिथे गाठीबाहेरचं निरोगी अस्तर होतं. त्यावर तरी रंग हवाच. तेही कोरं.

"मुतसिम, ही पट्टी खोटं बोलतेय."

"म्हणजे?"

"निरोगी पेशींनीही हात सोडलेत म्हणे. तसं असतं तर तो बाकावर बसला नसता, सांडला असता."

कारण तिला तिथेच उमगलं. ईदच्या सुट्टीभर तुकड्याची बाटली कोस्तीच्या बसस्थानकात पडून होती. तुकडा फॉर्मलिनमध्ये नको इतका मुरला होता; रंगवण्याआधी नेहमीइतकं उकळून प्रथिन उघडं पडणार नव्हतं. बाटली हातात आली तेव्हाच तिला हे सुचायला हवं होतं.

"जास्त उकळून पुन्हा करते."

"अगं, उद्याचं टेबल गेलं तर पुढचं कधी मिळेल, अल्ला जाणे! आणि पुन्हा फिकीच आली तर?"

"तर सही करीन. आत्ता नाही."

जास्त उकळलं की तुकडा काचेवरून निसटतो, आणि तुकडा रोवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात आता जेमतेम एका पट्टीपुरता जीव उरला होता. पट्टी आत ठेवलेला कुकर शिट्टीवर येईपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही. झाकण उघडलं. तुकडा काचेला धरून होता.

सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानच्या सुमारास रंग चढला. निरोगी कड तपकिरी, जाळ्याच्या विणीसारखी रेखीव. गाठीचा मधला भाग फिकट तपकिरी. आणि खाली, गाठ जिथे स्नायूत शिरत होती तिथे, सुट्या पेशींचे पुंजके. बिनरंगी.

तिने दोनदा पाहिलं. मग सही केली.

"मी दुपारी हेच म्हणत होतो," मुतसिम म्हणाला.

"तू म्हणत होतास. आता पट्टी म्हणतेय."

ती स्वतःच बाहेर गेली. हमदानने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मानसुद्धा?"

"मानसुद्धा, हमदानभाऊ."

त्याने डावा हात सरळ डोक्यावर नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"लोक बघतायत रे," बतूल हळूच म्हणाली.

"बघू देत."

हात खाली आला नाही.