तिसऱ्यांदा विचारायचं नसतं

आमच्या टोरसेट गावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. कॉफी घेणार? नको, आत्ताच झाली. अगं, घे की. नको नको, कशाला त्रास. मग घरची बाई तिसऱ्यांदा काही न विचारता कप भरते आणि पाहुणी म्हणते, बरं, अर्धाच. हा अर्धा कप काठोकाठ भरलेला असतो. मिनेसोटात सगळीकडे हीच रीत, आम्ही ती जरा जास्तच पाळतो. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस एकतर दोन दिवसांचा उपाशी असतो, नाहीतर परगावचा.

साठ वर्षं मी अशीच जगले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते बारा वर्षांपूर्वी, माझ्याच हातून.

चार जुलैला आमच्याकडे सहा मैल धावण्याची शर्यत असते. एकतीस वर्षं मी गावचं पोस्ट सांभाळलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावर समिती आपोआप माझ्या गळ्यात पडली. पहिलं बक्षीस म्हणजे धुरी दिलेलं अख्खं हॅम, माझ्या सासऱ्यांच्या काळापासून. मला त्याची लाज वाटायची. शेजारची गावं रोख देतात आणि आम्ही डुकराची मांडी! त्या वर्षी धान्य सोसायटीच्या मागे हात धुऊन लागले आणि पाचशे डॉलर काढले. मनात एकच होतं. शर्यत सिग्नेच जिंकणार होती.

सिग्ने म्हणजे ब्रेक्क्यांची धाकटी. लहानपणी शाळेची बस चुकली की बसच्या मागे धावायची आणि पुढच्या थांब्यावर बसच्या आधी पोचायची. पळण्याच्या जोरावर विद्यापीठात गेली, फी माफ. हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा त्यांचा मुलींचा संघ देशपातळीच्या शर्यतीला जाईल, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, असं तिचे कोच म्हणत होते. तिची आई मार्लिस दर रविवारी चर्चच्या तळघरात भांडी पुसता पुसता हेच सांगायची. आम्हीही दर रविवारी नव्याने ऐकल्यासारखं ऐकायचो.

सिग्ने जिंकली. बायकांत नव्हे, सगळ्यांत. मी स्टेजवर पाकीट पुढे केलं.

"नको, मिसेस लोकन," ती म्हणाली. "मला घेता येत नाही. कॉलेजच्या खेळाडूला रोख बक्षीस चालत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर लिंबू सरबताच्या टेबलाशी मी तिला पुन्हा गाठलं.

"घे गं. गावचे पैसे आहेत, काही चोरीचे नाहीत."

"नाही, खरंच नको. नियम आहे." ती माझ्याकडे बघत होती. मी हसले आणि तिच्या गालाला हात लावला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "पोरीला वळण आहे."

व्हर्लिन पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "नियम आहे म्हणाली ना ती?"

"नियम सगळेच सांगतात. तू नाही डॉक्टरांचा नियम सांगून केक नको म्हणत? मग मी काय करते?"

"वाढतेस."

"आणि तू?"

"खातो."

"झालं तर मग."

तिसऱ्यांदा विचारायचं नसतं, ठेवून यायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी परसातल्या आंबट ऱ्हुबार्बच्या देठांच्या वड्या केल्या, भांड्याच्या तळाशी पाकीट ठेवलं, त्यावर कागद, त्यावर वड्या, आणि मार्लिसच्या हातात दिलं. सिग्ने पळायला गेली होती. मार्लिस दोनदा नको म्हणाली, मग तिने भांडं घेतलं. पाकीट तिला संध्याकाळी सापडलं. तिने लेकीला सांगितलं नाही, कारण लेकीने नको म्हटलेलं तिने ऐकलं होतं. परत आणून दिलं असतं तर माझा अपमान झाला असता. मग तिने काय करावं? सिग्नेच्या जुन्या गाडीचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. ते बदलून घेतले आणि पोरीला सांगितलं, सेल लागला होता. त्या टायरांवर सिग्ने ऑगस्टमध्ये विद्यापीठात गेली.

इथवर कुणाचं काय चुकलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुढचं मात्र सांगता येतं, कारण पुढचं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय.

आमच्या साप्ताहिकात मी "टोरसेटची खबर" नावाचं सदर लिहायचे; ते आम्ही म्हातारी माणसंच वाचायचो, सिग्नेच्या वयाचं कुणी नाही. कुणाची गाय व्याली, कुणाकडे कोण पाहुणं आलं, असलंच सगळं. जुलैच्या मध्यावर मी लिहिलं, "सिग्नेने घरच्या वळणाप्रमाणे बक्षीस दोनदा नाकारलं, पण तिच्या डोळ्यांत मला होकार दिसला. टोरसेटही काही कमी नाही! पाकीट योग्य घरी पोचलं आहे." उद्गारचिन्हसुद्धा मीच घातलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या लेखणीलाही नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक माणूस दारात उभा राहिला. टाय, पातळ बूट, बर्फाची काही कल्पना नाही. विद्यापीठात खेळाडूंचे नियम बघणाऱ्या कचेरीतून आलो म्हणाला. नाव फनूची, मूळचा न्यू जर्सीचा. चार दिवसांपूर्वीच सिग्नेच्या संघाने विभागाची शर्यत मारली होती आणि देशपातळीचं तिकीट पक्कं केलं होतं. मला वाटलं, कौतुकाचं काहीतरी छापायचं असेल.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"हो, चालेल."

मी क्षणभर किटली हातात धरून तशीच उभी राहिले. मग ओतली.

त्याने माझं सदर टेबलावर पसरलं. साप्ताहिकवाल्यांनी त्या उन्हाळ्यात पेपर इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती आणि कुठल्यातरी दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणीतरी तो वाचून पत्र पाठवलं होतं. माझं सदर इतक्या लांब कुणी वाचतं, याचा मला आधी आनंदच झाला. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"सिग्नेने पैसे नाकारले होते का?" त्याने विचारलं.

"हो की. दोनदा."

"मग तुम्ही दिलेत का?"

"दोनदाच नाकारले म्हणून."

त्याचं पेन थांबलं. "तिसऱ्यांदा ती काय म्हणाली?"

"तिसऱ्यांदा विचारत नाहीत."

"कोण विचारत नाही?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "अहो, असं काय करता? तिला काही ठाऊकच नाही. आईने टायर घेतले, तेही तिला माहीत नाही!"

"टायर?" तो म्हणाला.

टायरांचं त्याला माहीत नव्हतं. ते मी सांगितलं.

त्याने एक कागद काढला. ऑगस्टमध्ये सिग्नेने सही केलेला. मी किंवा माझ्या घरच्यांनी बक्षिसाची रक्कम घेतलेली नाही. खाली तिची ती सरळ, शाळेतल्यासारखी सही. एका शब्दाचंही खोटं न बोलणाऱ्या पोरीने सही केलेलं खोटं माझ्या टेबलावर पडलं होतं आणि ते मी तिच्याकडून करवून घेतलं होतं.

"तिचा नकार खरा होता, असं लिहून द्याल?" त्याने विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याला ती सुटायला हवी होती, हे दिसत होतं.

"आत्ता देते. आणा कागद."

"पण मग हे?" त्याने बोट ठेवलं. "तिच्या डोळ्यांत मला होकार दिसला."

"ते... लिहिताना लिहितात तसं."

"दिसला होता का?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं. साठ वर्षांत कुणाच्या नाहीमध्ये डोकावायची गरजच पडली नव्हती. तसं मी त्याला सांगितलं, रडत सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं. नंतर तो गावातही फिरला. सोसायटीत, चर्चमध्ये, सलूनमध्ये सगळ्यांनी सिग्नेला वाचवायचं म्हणून एकच सांगितलं. हो, नको म्हणाली ती, गुणी पोर आहे, पण आमच्याकडे तशी रीतच आहे हो! जितकी तरफदारी झाली, तितकी ती बुडाली.

जाताना दारात बूट चढवत तो म्हणाला, "दर वर्षीसारखं हॅम दिलं असतंत, तर बहुधा कुणी विचारलंही नसतं."

दहा दिवसांनी मार्लिसचा फोन आला. आवाज असा की मी आधी ओळखलाच नाही.

"आर्डिस, तिला काढलं."

"किती दिवस?"

"दिवस कसले? मोसम संपला तिचा. आणि सप्टेंबरपासून ती जेवढं पळाली ते सगळं पुसलं. तिचे गुण गेले, म्हणून संघ खाली गेला. कुणीच जात नाहीये आता. सातही पोरी."

सात पोरी! मला फक्त एकच ठाऊक होती. बाकीच्या सहाजणींनी माझ्या वड्या पाहिल्याही नव्हत्या. पाचशे डॉलर, दोन टायर, आणि एकोणीस वर्षांनी उघडलेलं दार पाच ओळींच्या सदराने बंद. मी फोनमध्ये नुसती "नाही, नाही" करत राहिले. मार्लिस म्हणाली, "हो, आर्डिस," आणि तिने फोन ठेवला.

आता त्याच विद्यापीठाच्या पोरी टीव्हीवर बूट आणि सरबतं विकतात, उघडपणे पैसे घेतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात. नियम बदलला म्हणे. मी टीव्ही बंद करते.

देशपातळीची शर्यत थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी होती. त्या सोमवारी सकाळी मी ब्रेक्क्यांच्या दारात उभी राहिले. रिकाम्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा. काही नेण्याची हिंमतच झाली नाही. दार सिग्नेने उघडलं. पळायचे कपडे अंगात होते, पायात मात्र लोकरीचे मोजे.

"रागावलीस माझ्यावर?" मी विचारलं.

"नाही, मिसेस लोकन."

"खरं सांग."

"नाही, खरंच."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसती उभी राहिले. रीत अशी मुरलेली असते हाडात.

मग सिग्ने म्हणाली, "हो. रागावलेय. सरबताच्या टेबलाशी मी नको म्हटलं, तुम्ही हसलात, माझ्या गालाला हात लावलात. मला वाटलं, यांनी ऐकलं. इतकं बरं वाटलं होतं मला. घरी येऊन आईला सांगितलं, मिसेस लोकनना कळलं."

माफ कर म्हणाले. आत घड्याळाचे ठोके पडले, दहा. तिकडे शर्यत सुटायचा बंदुकीचा बार झाला असेल त्याच वेळी. तिने मान वळवून घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. आतून ताज्या कॉफीचा वास येत होता.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"नको नको," मी म्हणाले, "कशाला त्रास."

"बरं," सिग्ने म्हणाली, आणि तिने हळूच दार लावून घेतलं.

मी पायरीवर उभीच राहिले. मला कॉफी हवी होती.