वेलिचकोची टकटक

नेदेल्काच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नोव्हेंबरची थंडी, तरी पुरुष डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन उभे होते. सगळ्यांचे कान कोठीघराच्या उघड्या दाराकडे लागले होते. आतून आवाज आला. टक, टक, टक. बायकांनी भराभर छातीवर क्रुसाची खूण केली.

"आलाय गं, वेलिचको आलाय!" कोणीतरी रडत म्हणालं.

वेलिचको ऑगस्टमध्येच वारला होता. त्याच्या थडग्यावर मी स्वतः माती टाकली होती.

हा वेलिचको माझा शेजारी, नेदेल्काचा नवरा. जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आला. सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा बड्या कंपनीने इंटरनेटवर फोटो ठेवायची फुकट सोय एका फटक्यात बंद केली आणि त्याच्या पुतणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. पठ्ठ्या असा भडकला! "बाई," मला म्हणाला, "आपल्या गावात ल्युतेनित्सा कोणी विकत आणतं का? मिरच्या आपण भाजतो, चटणी आपण घोटतो, बरण्या आपल्या कोठीत राहतात. मग आठवणीच तेवढ्या परक्याच्या कोठीत कशाला?"

आणि त्याने खरोखरच बरण्यांच्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर मांडला, शेजारी वेगळ्या पेटीत मोठी डिस्क ठेवली आणि घरचा सर्व्हर सुरू केला. अर्ध्या गावाचे फोटो आणि तो ज्यात गायचा त्या गायकवृंदाची गाणी तिथे राहायला आली. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, म्हणून मदतीला मी. दर महिन्याला सगळ्याची एक प्रत काढून माझ्या घरी ठेवायची, असं आमचं ठरलं होतं. मार्चमध्ये तो आजारी पडला आणि ते राहून गेलं.

मग सव्वीस ऑक्टोबर आला. संत दिमितरचा सण, म्हणजे दिमितर नावाच्या प्रत्येकाचा नामदिन. सकाळी सातला गावातल्या सगळ्या दिमितरांचे फोन वाजले. "नामदिनाच्या शुभेच्छा, दिमितर! जिवंत राहा, ठणठणीत राहा! तुझा वेलिचको." सोबत ज्याचा त्याचा जुना फोटो. त्यातला एक दिमितर प्लमच्या झाडाच्या भांडणावरून अकरा वर्षं वेलिचकोशी बोलत नव्हता. तो भर रस्त्यात बसून रडला.

मी ओरडून सांगितलं, "अरे, नावं आणि तारखा त्याने कधीच यंत्रात घालून ठेवल्यात! यंत्र आपलं आपण पाठवतं!" पण कोण ऐकतो? "बाईंना काळीजच नाही," एवढंच मला ऐकवलं.

दोन दिवसांत जिल्ह्याच्या गावाहून कामेन उगवला. स्वतःला 'भाऊ कामेन' म्हणवून घेणारा, आधी तांब्याच्या कड्यांनी गुडघे बरे करणारा. त्याचं ज्ञान ऐका: "बंधूंनो, आत्मा म्हणजे वीज! वीज कुठे असते? तारेत! मग वेलिचको कुठे आहे?" लोक म्हणाले, "तारेत!" आत्म्याला उजेड आणि वारा सोसत नाही, म्हणून त्याने कॉम्प्युटर आणि डिस्क जाड लोकरी घोंगडीत गुंडाळली, मागच्या खिळ्यावर देवाची तसबीर टांगली आणि फळीवर मेणबत्त्यांची रांग लावली. तिसऱ्या दिवशी घोंगडीतून टकटक सुरू झाली.

मी धावत गेले. "नेदेल्का, अगं, ती डिस्क बिघडतेय. आत्ताच्या आत्ता बंद कर."

ती घोंगडीवर हात ठेवून बसली होती. "बाई, बेचाळीस वर्षं तो इथे खुडबुड करायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचे. आता तो खुडबुडतोय, तर मी त्याला बंद करू? एकदा गेलाय तो. दुसऱ्यांदा मी नाही घालवणार."

"मग बस मेणबत्त्या लावत!" मी म्हणाले आणि तरातरा घरी आले. मला तिचा राग आला होता. त्या रागापायी मी आठवडाभर तिकडे फिरकले नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

आठ नोव्हेंबरला मिहाईल आणि रांगेल लोकांचा नामदिन. संदेश आले, पण एकालाही फोटो आला नाही. कॉम्प्युटर चालू होता आणि डिस्क काही देत नव्हती. मी तशीच निघाले आणि गर्दीतून वाट काढत कोठीघरात शिरले.

कामेन घोंगडीला खेटून उभा होता. "वेलिचको, तू सुखी आहेस का?" टक, टक, टक. "नेदेल्काने घर विकावं का?" शांतता. "बघा, नको म्हणतोय!"

"मलाही एक विचारायचंय," मी म्हणाले.

"विचारा बाई. आत्मे नास्तिकांवर रागवत नाहीत."

"मधमाशीवाला दिमितर सप्टेंबरात गेला. त्यालाही संदेश आला होता. गिन्का, नवऱ्याचा फोन तुझ्याकडे आहे ना? वाच."

गिन्काने हळू आवाजात वाचलं, "जिवंत राहा, ठणठणीत राहा."

"दोघं एकाच दफनभूमीत, मध्ये तीन थडगी. आणि दिमितर मेल्याचा वेलिचकोला पत्ताच नाही?"

"परलोकात भेटीगाठींना वेळ लागतो," कामेन गडबडला.

"का, तिथेही सरकारी रांगा आहेत वाटतं?" म्हातारा रांगेल म्हणाला. लोक हसले. गिन्का बाहेर जाऊन रडायला लागली.

मी घोंगडी ओढली. विजेचा बोर्ड खाली जमिनीवर होता आणि डिस्कच्या बटणावर कामेनच्या बुटाचं टोक होतं.

"हा तुमचा आत्मा!" मी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. टक, टक, टक. "डिस्क सुरू होताना आतला काटा आपली जागा शोधतो. ती सापडली नाही की आपटतो. घोंगडीत कोंडून, मेणबत्त्यांनी तापवून हिला यांनी आजारी पाडलं. आणि टकटक हवी तेव्हा हा पायाने तिचं बटण बंद करून पुन्हा चालू करत होता."

लोकांना पटलं. कामेन मागच्या फाटकाने सटकला. मी जिंकले होते, आणि तेवढ्यात आतून खर्रकन ओरखडा उठला आणि डिस्क गप्प झाली. लोकांना पटावं म्हणून ते शेवटचं बटण मीच दाबलं होतं.

नेदेल्का पुढे झाली. तिने तसबीर उतरवली. तसबिरीमागे त्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली वेलिचकोची वही होती. सगळ्यात वरचं पान तिच्यासाठी होतं. तिने मोठ्याने वाचलं.

"नेदेल्का, यंत्र टकटक करायला लागलं तर लगेच बंद कर आणि बाईंना बोलाव. भांडू नका. इस्पितळात जायच्या आधी तुझ्यासाठी तासभर बोलून ठेवलंय. तोंडावर बोलायला मला कधी जमलं नाही. त्याची प्रत अजून काढलेली नाही, ती बाईंकडून काढून घे."

डिस्क सोफियाला पाठवली. तिथल्या माणसाने उघडून सांगितलं, तबकडी खरवडली गेलीय, काही निघणार नाही. माझ्याकडच्या प्रतीत फेब्रुवारीपर्यंतचं सगळं होतं. गावाला आपले फोटो परत मिळाले. सर्व्हर आता नेदेल्काच चालवते. दर महिन्याच्या एक तारखेला नवी प्रत एप्रनच्या खिशात घालून माझ्याकडे आणून देते. बसते, गायकवृंदाचं एखादं गाणं लावते आणि तिसऱ्या रांगेतला वेलिचकोचा आवाज शोधते.

वाचकहो, यंत्रातून आवाज आला तर हात जोडण्याआधी झाकण उघडून बघा. कोणी तो आवाज तुम्हाला समजावून सांगायला लागला, तर त्याचे पाय कुठे आहेत तेही बघा. आणि गेलेल्या माणसाचं ऐकायचं असेल, तर त्याने लिहून ठेवलेलं आधी वाचा. आमचा वेलिचको खरंच बोलत होता, शाईने, स्वच्छ अक्षरात, आणि आम्ही त्याच्यावर तसबीर टांगली होती.

परवा जाता जाता नेदेल्काने दारात थांबून विचारलं, "बाई, तासभर काय बोलला असेल हो?"

मी चाळीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. या वेळी मी तिला परत आत बसवलं आणि गायकवृंदाचं गाणं पुन्हा लावलं.