भिंतीवरचे बावीस अंश

मित्रांनो, मी द्राक्षबागेतला जुना तापमापक आहे. या वयात रोज पारा वर न्यायचा आणि खाली आणायचा याचा मला खरोखर कंटाळा आला आहे. पण काम सुटत नाही.

कारखान्यात मला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग गरम पाण्यात. त्या खुणांवरून माझे आकडे आखले. एवढा छळ सोसला, पण खोटं बोलायला शिकलो नाही.

बागेच्या मालकांनी मला चौथ्या ओळीत, पानांच्या सावलीत, घडांच्या उंचीवर टांगलं. तीस वर्षं ते रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहून आकडा वहीत लिहायचे. फुलोऱ्यात तर दिवसाला तीन फेऱ्या. द्राक्षाचं फूल मोहरीएवढं, पण नखरे फार. हवा उबदार असली की ते डोक्यावरची हिरवी टोपी टाकतं आणि मणी धरतो. गारठा पडला की टोपी चिकटूनच राहते आणि फूल गळतं. फार तापलं तरी करपतं. मुलगा म्हणायचा, "बाबा, आज गार वाटतंय." ते म्हणायचे, "अंगाला काय कळतंय? आकडा बघ!" काचेचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग मालकांचे गुडघे गेले. खिडकीजवळची खुर्ची एवढंच जग उरलं. सुनेला त्यांची तगमग बघवेना. तिनं मला बागेतून आणलं आणि खिडकीतून समोर दिसणाऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बाहेरून ठोकलं. "बाबा, आता बसल्या जागी वाचा." मायेनं केलं हो पोरीनं. पण त्या भिंतीपलीकडे तिची चूल सकाळभर पेटलेली असायची.

फुलोरा आला. भिंतीवर बावीस अंश होते, मी बावीस दाखवले, मालकांनी तेच वहीत लिहिले.

"यंदा मणी भरगच्च धरणार," मालक मुलाला म्हणाले. "निम्मे घड आत्ताच काढ, म्हणजे उरलेले पोसतील."

"बाबा, बागेत हुडहुडी भरतेय."

"आकडा बघ!"

मुलानं निम्मे घड कापले. पंधरा दिवसांत उरलेल्यांचीही फुलं झडली. दात पडलेल्या तोंडासारखे घड लोंबत राहिले. मुलगा ओरडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "बाबा, आता तुम्ही आराम करा," एवढंच म्हणाला आणि त्यांना काही विचारणं त्यानं सोडून दिलं. मला बिघडलेला ठरवून गंजक्या कात्र्यांच्या पेटीत टाकलं. राग नाही आला. नुसता थकवा आला.

एका सकाळी सून त्या भिंतीला टेकली आणि दचकली. भिंत चांगली कोमट होती. तिनं मला पेटीतून काढलं, चौथ्या ओळीत नेलं, परत भिंतीपाशी आणलं. आठ अंशांचा फरक! भरल्या डोळ्यांनी ती घरात आली.

"अहो, बाबांना बोल लावू नका. चूक माझी आहे."

"नाही गं," मालक म्हणाले. "तू माया केलीस. भिंतीला विचारून वेलीचं दुखणं ठरवणारा मीच अतिशहाणा!"

मुलानं मला चौथ्या ओळीत परत टांगलं, तेवढंच.

छाटणीच्या आदल्या दिवशी मात्र तो वही घेऊन खुर्चीपाशी बसला. पुढच्या वर्षीचे घड यंदाच्या फुलोऱ्यातच वेलीच्या काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, आकार घेतात. तेव्हा गारठा असला तर पुढे त्यातून घडांऐवजी नुसत्या बाळ्या, म्हणजे विळखा घालणारे तंतू निघतात. छाटताना काडी किती लांब, म्हणजे किती डोळ्यांची ठेवायची, हे त्यावर ठरतं.

"बाबा, काडीवर किती डोळे ठेवू?"

"मला विचारतोस?"

"मग आणखी कुणाला विचारू?"

मालकांनी वही मांडीवर ओढून फुलोऱ्याची पानं उघडली. मग खाकरून म्हणाले, "आधी वहीतल्या त्या दिवसांतून आठ-आठ अंश वजा कर. मग बोलू."

मित्रांनो, मी थकलो आहे, फार काही मागत नाही. जुनं यंत्र असो की जुनं माणूस, मोडीत काढण्याआधी त्याला आपणच कुठे नेऊन बसवलं होतं, एवढं बघत जा.